पैसे पोहोचले, हे कळायचे कसे?

वाण्याच्या दुकानात २४० रुपये मोबाइलवरून देऊन झाले तरी माझी आई गल्ल्यापाशी उभीच राहते. पडद्यावर हिरवी खूण उमटलेली असते, मागचे गिऱ्हाईक पुढे येण्यासाठी खोळंबलेले असते. पण दुकानदाराच्या टेबलावरचा तो लहानसा बोलका डबा ‘दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले’ असे म्हणेपर्यंत ती पिशवी उचलत नाही. तो डबा, म्हणजे साउंडबॉक्स, खरे तर दुकानदारासाठी आहे. गर्दीच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन तपासत बसावे लागू नये म्हणून तो आला. आईने मात्र त्याला आपली पावती करून टाकले आहे. शाळेत शिकवण्यात आणि वर्गाची फी गोळा करून तिचा हिशेब कार्यालयात देण्यात जिची हयात गेली, तिला पावतीशिवाय व्यवहार पुरा झाल्यासारखे वाटत नाही, यात मला काहीच नवल वाटत नाही.

मोबाइलवरून पैसे देण्याबद्दल तिने मला विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. ‘अगं, पण पैसे त्याला पोहोचले हे मला कसं कळायचं?’ घरोघरी वडीलधाऱ्या माणसांकडून हा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याला ‘कळतं हो, काळजी करू नका’ असे उत्तर मिळते. ते उत्तर पुरेसे नाही. ज्येष्ठ माणसे मोबाइल बँकिंग का स्वीकारतात, का नाकारतात आणि का अर्ध्यावर सोडून देतात, हे समजून घ्यायचे असेल तर या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे लागेल आणि त्यासाठी आधी आत काय घडते ते पाहावे लागेल.

दोन सेकंदांत काय होते

हात न लावता पैसे देण्याचे दोन प्रकार आपल्याकडे रूढ आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. पहिला टॅप करण्याचा. कार्डाच्या किंवा काही फोनच्या आत एक बारीक अँटेना असते. दुकानातल्या यंत्राजवळ, अगदी काही सेंटिमीटर अंतरावर नेल्यावर ती रेडिओ लहरींच्या साहाय्याने यंत्राशी बोलते. ज्या कार्डावर चार वळणदार रेघांची खूण छापलेली असते, त्या कार्डावरून ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिन न टाकता देता येते. ही मर्यादा आधी २,००० होती आणि रिझर्व्ह बँकेने ती १ जानेवारी २०२१ पासून वाढवली. ‘रस्त्याने जाताना कोणी पिशवीजवळ यंत्र धरले तर?’ अशी भीती अनेकांना वाटते. अंतर इतके थोडे लागते की हे सहजासहजी घडत नाही. तरीही मन मानत नसेल तर टॅपची सोय बँकेला सांगून बंद ठेवता येते किंवा तिची मर्यादा कमी करून घेता येते. हे आपल्या हातात आहे, एवढे ज्येष्ठांना सांगितले तरी त्यांचा अर्धा घोर जातो.

दुसरा प्रकार यूपीआयचा, आणि महाराष्ट्रातल्या भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत चालतो तो प्रामुख्याने हाच. यूपीआयची सुरुवात एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत झाली. ती चालवणारी संस्था म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, तिचे मुख्यालयही मुंबईतच आहे. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि डिसेंबरअखेर भीम हे अ‍ॅप आले. त्या डिसेंबरात देशभरात यूपीआयचे सुमारे २० लाख व्यवहार झाले होते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात ते २,००० कोटींच्या पुढे गेले. नऊ वर्षांतली ही वाढ पाहिली की, ज्या माणसाने पन्नास वर्षे नोटा मोजल्या त्याच्या पायाखालची जमीन किती वेगाने सरकली असेल याची कल्पना येते.

यूपीआय समजावताना मी आईला मनीऑर्डरची आठवण करून दिली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी कोकणात घरी पैसे पाठवायचा, तेव्हा त्याने पोस्टात भरलेली नोट काही बोटीत बसून गावी जात नसे. इथल्या पोस्टाने रक्कम जमा करून घ्यायची, तिथल्या पोस्टाला कळवायचे, तिथल्या पोस्टमनने ती मोजून द्यायची आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पोच पाठवणाऱ्याला परत यायची. यूपीआयमध्येही हेच चार टप्पे असतात, फक्त आठवड्याचे काम सेकंदांवर येते. आपण फोनवरून सांगतो. तो निरोप पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जातो. ती आपल्या बँकेला विचारते की पिन बरोबर आहे का आणि खात्यात रक्कम आहे का. बँकेने होकार देऊन रक्कम वजा केली की दुकानदाराच्या बँकेला ती जमा करायला सांगितले जाते. आणि जमा झाल्याची पोच दोन्हीकडे येते. आपल्याला दिसणारी हिरवी खूण म्हणजे ती पोच.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही मी आईच्या वहीत लिहून दिल्या. एक, पैसे फोनमध्ये नसतात. ते बँकेतच असतात, फोन फक्त निरोप्या आहे. त्यामुळे फोन हरवला म्हणजे पैसे हरवले असे होत नाही. सिमकार्ड बंद करायचे, बँकेला कळवायचे, आणि पिन कुठेही लिहून फोनच्या पाकिटात ठेवलेला नसेल तर सापडलेल्या फोनवरून कोणालाही पैसे पाठवणे अवघड असते. दुसरी, पिन टाकण्याचा पडदा अ‍ॅपचा स्वतःचा नसतो. अ‍ॅप कोणतेही असो, तो पडदा पेमेंट्स कॉर्पोरेशनने दिलेला असतो आणि तिथे टाकलेला पिन गुपित रूपात थेट बँकेपर्यंत जातो; मधल्या अ‍ॅपला तो दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाचा अवघड भाग. कधी कधी हिरवी खूणही येत नाही आणि लाल फुलीही येत नाही. पडदा नुसता फिरत राहतो आणि शेवटी ‘व्यवहार प्रलंबित’ असे लिहून येते. एका औषधाच्या दुकानात आईवर हा प्रसंग आला. खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश तिच्याकडे होता, दुकानदाराकडे काहीच नव्हते, आणि तो ‘पुन्हा करा’ म्हणत होता. आईने पुन्हा केले नाही, पिशवीतून रोख काढून दिली आणि घरी येऊन महिनाभर फोनला हात लावला नाही. त्या दिवशी तिला नियम माहीत असता तर बरे झाले असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच ठरवून दिले आहे की, खात्यातून वजा झालेली पण समोरच्याला न पोहोचलेली रक्कम एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराकडे जात असेल तर पाच दिवसांत, आपोआप परत आली पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. आईची रक्कम तिसऱ्या दिवशी परत आली. आली हे तिला कळले मात्र तीन आठवड्यांनी, पासबुक भरून आणल्यावर.

ज्येष्ठांचे गणित वेगळे असते

माणसे नवे तंत्र का स्वीकारतात याचा अभ्यास बराच जुना आहे. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये मांडले की स्वीकार मुख्यतः दोन समजुतींवर ठरतो: ही वस्तू माझ्या उपयोगाची आहे का, आणि ती वापरणे मला सोपे जाईल का. पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि डेव्हिस यांच्यासह चार संशोधकांनी त्यात भर घातली: आपल्या जवळच्या माणसांना काय वाटते, आणि अडले तर मदत करायला कोणी आहे का, यांचाही वाटा मोठा असतो, आणि वय, लिंग व आधीचा अनुभव यांप्रमाणे प्रत्येक गोष्टीचे वजन बदलते.

ही चौकट मला उपयोगी वाटते, पण ज्येष्ठांच्या बाबतीत फायद्याचे आणि जोखमीचे अशी दोन्ही पारडी आपण तरुणांच्या हिशेबाने भरतो, तिथे चूक होते. तिशीतल्या माणसाला मोबाइल बँकिंगने वेळ वाचतो हा फायदा वाटतो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. बँकेत जाणे हा त्याच्या आठवड्याचा एक आधार असतो. तिथे ओळखीचा कारकून असतो, बाकावर जुने सहकारी भेटतात, येताना भाजी होते. म्हणजे फायद्याचे पारडे मुळातच हलके आहे. जोखमीचे पारडे मात्र जड आहे. नोकरीत असलेल्या माणसाचे १०,००० रुपये बुडाले तर पुढच्या महिन्याचा पगार आहे. निवृत्तिवेतनावर किंवा मुदत ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या माणसाचे बुडाले तर ते भरून निघायला दुसरी वाट नसते. या दोन पारड्यांकडे पाहून कोणी ‘मला नको’ म्हणत असेल तर त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने हिशेब केला आहे आणि त्याच्या जागेवरून तो बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात १० कोटींहून अधिक होती आणि आता ती त्याहून बरीच जास्त आहेत. एवढ्या माणसांच्या सावधपणाला अज्ञान ठरवून कोणतीही सोय नीट उभी राहणार नाही.

याला शरीराची जोड असते, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे; पण फिकट राखाडी पार्श्वभूमीवर त्याहून थोडी गडद राखाडी अक्षरे वाचणे मोतीबिंदू पिकू लागलेल्या डोळ्यांना किती कठीण जाते, हे अ‍ॅप बनवणाऱ्यांना ठाऊक असल्याचे दिसत नाही. फोनचा पडदा बोटातून होणारा विजेचा अगदी सूक्ष्म फरक ओळखतो. म्हाताऱ्या माणसाची बोटे कोरडी पडलेली असतात, त्यामुळे पहिला स्पर्श कधी कधी पडद्याला कळतच नाही. मग ते जोर देऊन दाबतात, आणि जास्त वेळ दाबले की फोन त्याचा वेगळाच अर्थ लावून भलतेच काही उघडतो. आई नखाने दाबायची. नखाला पडदा दाद देत नाही. हे आम्हा दोघींना उमगेपर्यंत तिची ठाम समजूत झाली होती की फोन तिच्यावर रुसला आहे. बोट किंचित ओले करून, बोटाच्या पेराने, हलकेच टेकवायचे, एवढ्या एका सूचनेने जे साधले ते माझ्या दहा वेळच्या समजावण्याने साधले नव्हते.

कागदोपत्री अडचण त्याहून मोठी आहे. यूपीआय सुरू करायला बँकेत नोंदलेल्या मोबाइल क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते, कारण नोंदणीच्या वेळी फोन स्वतःहून एक संदेश पाठवून आपली ओळख पटवतो. सुरक्षेचा हा फार चांगला उपाय आहे. पण कित्येक घरांत आईवडिलांच्या खात्याला मुलाचा क्रमांक जोडलेला असतो, ‘संदेश त्यालाच येऊ देत, आम्हाला कुठे कळतात’ म्हणून. तो मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो. पिन ठरवायला डेबिट कार्ड लागते. ते घेतलेलेच नसते, कारण सारा व्यवहार पासबुक आणि पैसे काढण्याच्या स्लिपवर चालत आला. आधारच्या आधारे पिन ठरवण्याची सोय आता आहे, पण तिथेही आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो आणि तोही बहुधा मुलाचाच असतो. म्हणजे इच्छा असूनही दार उघडत नाही, आणि ते का उघडत नाही हे पडद्यावर कुठेही साध्या मराठीत लिहिलेले नसते.

बायकांच्या बाबतीत हे अधिक टोचते. आमच्या आईच्या पिढीतल्या अनेक जणींच्या घरात पैशाचे सारे यजमान पाहत. खाते संयुक्त असते, पण क्रमांक त्यांचा, पिन त्यांना ठाऊक, फोन त्यांच्या खिशात. ते गेल्यावर त्या बाईला एकाच वेळी दुःखाला आणि बँकेला तोंड द्यावे लागते. सत्तरीला आलेल्या बाईने पहिल्यांदा ओटीपी म्हणजे काय हे अशा आठवड्यात शिकावे, ही वेळ कोणावर येऊ नये. यजमान धडधाकट असतानाच बायकोचा स्वतःचा क्रमांक तिच्या स्वतःच्या खात्याला जोडून घ्यावा, हे मी भेटेल त्या प्रत्येक जोडप्याला आग्रहाने सांगते.

भीती खरी आहे, तिचा पत्ता मात्र नीट माहीत हवा

‘फोन हॅक होतो’ ही ज्येष्ठांची सर्वसाधारण भीती. प्रत्यक्षात बहुतेक फसवणुकीत यंत्रणा कोणी फोडत नाही. माणसाला बोलण्यात गुंतवून त्याच्याच बोटांनी पैसे पाठवायला लावले जातात. ‘केवायसी संपली आहे, आज खाते बंद होईल’, ‘विजेचे बिल थकले आहे, रात्री नऊला मीटर तोडणार’, आणि निवृत्तिवेतनधारकांसाठी खास, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत, ‘तुमचा दाखला आम्ही घरबसल्या करून देतो, फक्त आलेला आकडा सांगा’. या साऱ्यांत एक गोष्ट समान असते: घाई. त्यातला सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे तथाकथित डिजिटल अटक, ज्यात पोलिसाच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, बसवून ठेवतो आणि ठेवी मोडायला लावतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून सांगितले की कायद्यात अशी कोणतीही अटक नसते. हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांना तोंडपाठ असावे.

दुसरे वाक्य पिनचे. पिन लागतो तो पैसे द्यायला, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. जुना सोफा विकायला काढला की कोणी फोन करून ‘मी पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. त्या क्षणी हे वाक्य आठवले तर पैसे वाचतात. पूर्वी यूपीआयमध्ये एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय होती आणि तिच्या आडून पुष्कळ माणसे फसवली गेली. पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय बंदच केली. हे फार आधी व्हायला हवे होते असे माझे मत आहे, पण झाले ते चांगले झाले.

ओळख पटवण्याच्या आणखी दोन खुणा अलीकडे मिळाल्या आहेत. बँकांनी ग्राहकांना सेवेसंबंधी करायचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे, आणि बँकांच्या संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा असतो. दुकानात क्यूआर कोड स्कॅन केल्यावर रकमेच्या आधी नाव दिसते, तेही मोठ्याने वाचावे. खऱ्या कोडावर दुसऱ्याच कोणाचा कोड चिकटवल्याचे प्रकार घडलेले आहेत. आई आता ‘गणेश किराणा का हो?’ असे विचारल्याशिवाय रक्कम टाकत नाही. दुकानदार हसतो. हसू दे.

आणि इतके करूनही पैसे गेलेच तर? तेव्हा लाजेपेक्षा वेळ महत्त्वाचा. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक याचसाठी आहे. जितक्या लवकर तिथे आणि बँकेत कळवले जाईल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना यंत्रणेतल्या दोषामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो कळवला, तर ग्राहकावर काहीही भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच पडतो. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ज्येष्ठ माणसे फसवली गेल्यावर दोन-दोन आठवडे कोणाला सांगत नाहीत, कारण मुले ओरडतील. ते ओरडणे किती महाग पडते, हे या दिवसांच्या हिशेबावरून कळावे.

कोणती सोय कोणासाठी

साधा बटणांचा फोन असलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोय आली. तीत इंटरनेट लागत नाही, ठरावीक क्रमांकावर फोन लावून सांगितलेले आकडे दाबत जायचे असते. ज्यांना पडद्यापेक्षा आवाजावर जास्त भरवसा आहे त्यांना ती जवळची वाटू शकते. यूपीआय लाइटमध्ये फोनवर थोडी रक्कम वेगळी काढून ठेवता येते आणि लहान खर्च पिनशिवाय करता येतात. बोटे थरथरणाऱ्या माणसाला रोजच्या दुधा-भाजीसाठी हे सुखाचे आहे, मात्र ही रक्कम खरोखरच हातातल्या सुट्ट्या पैशांसारखी समजावी आणि फोनला कुलूप असावे. ऑक्टोबर २०२५ पासून पिनऐवजी फोनमधल्या बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्यानेही लहान रकमेला संमती देता येऊ लागली आहे. पिन विसरणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे, पण वयानुसार बोटांचे ठसे झिजतात, त्यामुळे चेहऱ्याचा मार्ग अधिक चालेल असे मला वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कल ही सोय कुटुंबांसाठी सर्वांत विचार करण्याजोगी आहे. एक मुख्य खातेदार आपल्या खात्यातून खर्च करायला इतरांना, जास्तीत जास्त पाच जणांना, परवानगी देतो. परवानगी पूर्ण असेल तर महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत आणि एका वेळी ५,००० पर्यंत खर्च त्या व्यक्तीला स्वतः करता येतो; अंशतः असेल तर ती व्यक्ती सुरुवात करते आणि मुख्य खातेदार आपल्या फोनवर पिन टाकून ती पूर्ण करतो. मुलगी मुख्य आणि वडील दुय्यम, अशी जोडणी सुरुवातीला धीर देते. तरीही माझे मन तिच्यावर पूर्ण बसत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवले, त्याने पावशेर चहा घ्यायला मुलीच्या संमतीची वाट पाहत दुकानात उभे राहावे, हे मला आवडत नाही. त्यापेक्षा आम्ही वेगळा मार्ग काढला: आईचे निवृत्तिवेतन येते ते खाते यूपीआयला जोडलेच नाही. दुसरे लहान बचत खाते उघडले, त्यात महिन्याला ती स्वतः स्लिप भरून ५,००० रुपये टाकते आणि फोनला तेवढेच खाते जोडलेले आहे. काही बरेवाईट झाले तरी जाईल ते तेवढेच. धोक्याला कुंपण घातल्यावर तिचा हात मोकळा झाला.

ज्यांना यातले काहीच नको असेल, त्यांचा मार्गही उघडा राहिला पाहिजे. सत्तरीच्या पुढच्या आणि आजारी वा अपंग ग्राहकांना घरपोच रोख, चेकबुक वगैरे सेवा द्याव्यात असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. शाखेत ‘ते आता अ‍ॅपवरच होतं, आजोबा’ असे उत्तर देऊन परत पाठवणे योग्य नाही.

शिकवताना

सुरुवातीला मी जे केले ते सांगते, कारण ते बहुतेक घरांत होते. आई अडखळली की मी ‘दे इकडे’ म्हणून फोन घ्यायचे, चार ठिकाणी बोट फिरवायचे आणि ‘झालं बघ’ म्हणून परत द्यायचे. तिला दिसायचे ते फक्त माझे बोट. आमचे हे शिकणे वर्षभर असेच चालले आणि ती काहीच शिकली नाही.

नंतर नियम केला की फोन तिच्या हातातून सुटणार नाही. मी शेजारी बसायचे, हात मांडीवर ठेवून. तिने स्वतःच्या शब्दांत वहीत पायऱ्या लिहिल्या: ‘निळं चित्र. चौकोन. कॅमेरा उघडतो. नाव वाच. आकडा. परत नाव वाच. पिन. थांब.’ मी सुचवलेले शब्द तिने खोडले. अ‍ॅपची मांडणी बदलली की ती ओळ खोडून नवी लिहायची. फोनची अक्षरे मोठी केली, भाषा मराठी केली आणि नंतर तिच्याच सांगण्यावरून परत इंग्रजी केली, कारण दुकानात मदत करणारी पोरे इंग्रजी शब्दच सांगतात. रोज एक रुपया मला पाठवायचा, मी तो परत पाठवायचा. आठवडाभर हेच. रक्कम एवढी लहान की चुकीची भीती नाही, आणि कृती मात्र पूर्ण खरी.

शनिवारी आम्ही बँकेत गेलो. आईने पासबुक यंत्रात सरकवले, यंत्राने घरघरत पान छापले आणि तिने चष्मा लावून दाराशीच ते वाचले. गेलेले सात रुपये होते, आलेले सात रुपये होते, प्रत्येकापुढे तारीख होती. तिने पिशवीतून पेन्सिल काढली आणि प्रत्येक ओळीपुढे, वर्गातल्या वह्या तपासायची तशी, बरोबरची खूण केली. मी तिला वर्षभर जे सांगत होते ते तिला त्या पानाने दाखवले. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या ओळखीच्या जागी, छापील, मिळाले.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू तिच्याकडे फोन घेऊन आल्या. काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. क्रमांक नुकताच त्यांच्या नावाने खात्याला जोडून झाला होता. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. आईने फोनला हात लावला नाही. ‘नखानं नको, पेरानं. आता नाव वाच,’ एवढेच ती म्हणत होती. काकूंच्या फोनवरून आईच्या खात्यात एक रुपया आला. मग दोघी आपापली पासबुके घेऊन बँकेकडे निघाल्या.